न विटणारे अल्बम: कोणते, का, आणि घरी त्यांची चव कशी जाते

प्रश्न थोडक्यात असा: कितीही वेळा लावले तरी कंटाळा येत नाही असे अल्बम कोणते, आणि आवडलेला अल्बम महिनाभर ऐकल्यावर मनातून उतरतो तो का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. कान विटतो तेव्हा दोष दर वेळी संगीताचा नसतो. पुष्कळदा हातातली आवृत्ती खराब असते, वेग चुकलेला असतो, नाहीतर अल्बम तुकडे करून उलटसुलट क्रमाने ऐकलेला असतो. हे सगळे ठीक असूनही कंटाळा आला, तर त्या अल्बममध्ये एका ऐकण्यात संपेल एवढाच ऐवज होता असे समजावे. न विटणाऱ्या अल्बमची माझी कसोटी साधी आहे: त्यात एकाच वेळी इतके काही चाललेले असावे की एका बैठकीत कानात मावू नये. मग दर वेळी कान वेगळ्या जागी ठेवता येतो. खाली मोजकेच अल्बम घेतले आहेत आणि प्रत्येकात कान कुठे ठेवायचा तेही सांगितले आहे.

सुरुवात किशोरी आमोणकरांच्या भूप रागापासून. एचएमव्ही कंपनीच्या या एलपीच्या, म्हणजे लांब वाजणाऱ्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला बागेश्री आहे आणि दुसऱ्या बाजूला भूप: विलंबित (संथ लयीत) ‘प्रथम सूर साधे’, मग द्रुत (जलद लयीत) ‘सहेला रे’. बहुतेकजण थेट ‘सहेला रे’ लावतात आणि तिथेच नुकसान होते. द्रुताचा मुखडा, म्हणजे परत परत येणारी पहिली ओळ, इतका गोड का लागतो, हे विलंबितात गांधार आणि धैवत किती वेळा, किती वेगवेगळ्या वाटांनी समोर आले यावर अवलंबून आहे. भूपाचे स्वर पाचच: सा रे ग प ध. हेच पाच स्वर देशकारातही आहेत, पण तिथे वजन धैवतावर असते आणि भूपात गांधारावर. म्हणून पहिल्या ऐकण्यात एकच काम करा. गांधारावर आवाज किती वेळ थांबतो आणि तिथे येताना वरून, पंचमाकडून उतरतो की खालून, रिषभाकडून चढतो, एवढेच टिपा.

दुसऱ्या ऐकण्यात ताल धरा. तीनतालाच्या १६ मात्रा. मात्रा मिनिटाला ३० च्या गतीने चालली तर एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, ३२ सेकंदांचे होते. चौदा-पंधरा मिनिटांच्या विलंबितात अशी सव्वीस ते अठ्ठावीस आवर्तने बसतात. म्हणजे समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचे तेवढेच प्रसंग, आणि प्रत्येक प्रसंगी मुखड्याकडे वळण्याची वाट निराळी. हातावर मात्रा मोजून ऐकले की कळते, मुखडा उचलायच्या आधीची तीन-चार सेकंदे म्हणजे सगळ्या आवर्तनाचा कस. तिसऱ्या वेळी आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त तानपुरा ऐका. हे अवघड आहे, पण तानपुऱ्याच्या जवारीतून, म्हणजे तारेच्या झणकारातून, वर येणारा गांधार एकदा कानाने पकडला की गायिका त्याच्याशी कशी जुळवून घेते ते ऐकू येऊ लागते. त्यानंतर ही बाजू पहिल्यासारखी राहत नाही.

एलपीच्या बाबतीत एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. फेऱ्यांचा वेग ठरलेला, पण खाच आत सरकत जाते तशी तिची लांबी घटते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ पोचेपर्यंत हा आकडा २१ च्या आसपास येतो. तोच तपशील निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो, त्यामुळे बाजूच्या शेवटी आवाज चिरका होतो आणि ‘स’, ‘श’ फाटतात. ख्यालाची मांडणी नेमकी उलटी: आलाप आधी, द्रुत आणि ताना शेवटी. सगळ्यात बारीक आणि वेगवान काम तबकडीच्या सगळ्यात दुबळ्या भागात येते. शेवटच्या चार मिनिटांत ताना कर्कश वाटत असतील तर गायकाला दोष देऊ नका, सुई तपासा. गोलाकार टोकाची स्वस्त सुई इथे हमखास हरते. लंबवर्तुळी टोकाची सुई हाच भाग पुष्कळ स्वच्छ वाचते. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाचा एक प्रकार) सुईचा भार बहुधा १.५ ते २ ग्रॅम लागतो. ‘रेकॉर्ड झिजू नये’ म्हणून भार १ ग्रॅमवर आणणे ही नेहमीची चूक आहे, कारण हलकी सुई खाचेत उडते आणि उडणारी सुई जास्त ओरखडते. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात भार ठेवावा आणि तो छोट्या डिजिटल काट्यावर मोजावा. हिऱ्याची सुईही ५०० ते १००० तासांत संपते.

भूप डिजिटल ऐकत असाल तर वेगळी अडचण येते. जुन्या ध्वनिमुद्रणांवर खरखर काढण्याची प्रक्रिया जोरात चालवली की तानपुऱ्याचे वरचे स्वर जातात, कारण जवारीचा तो झिरझिरीत झणकार आणि खरखर यांत यंत्राला फारसा फरक करता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. गायिका श्वासासाठी थांबते त्या क्षणी तानपुऱ्याकडे लक्ष द्या. आवाज थांबताच तानपुराही बुडतो आणि आवाज आला की परत वर येतो, असे होत असेल तर ती प्रत सोडून द्या. थोडी खरखर असलेली प्रत हजारपट बरी. थकवा येतो तो बहुतेक या वर-खाली होणाऱ्या तानपुऱ्यामुळेच. ऐकणाऱ्याला वाटते की राग जुना झाला.

आता वाद्यसंगीत. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’: शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. एचएमव्हीत याची निर्मिती जी. एन. जोशींनी केली, भावगीताच्या आरंभकाळातले गायक ते हेच. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना आहे, म्हणून राग वेळेनुसार लावलेत: अहिर भैरव आणि नट भैरव सकाळचे, मग पिलू, संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. शफल चालू ठेवून हा अल्बम ऐकणे म्हणजे दिवस मधूनच सुरू करणे. पहाडी आधी आला तर त्याचा विसावा वाया जातो, कारण थकवाच अजून आलेला नसतो.

यात कान ठेवायची जागा म्हणजे तीन वाद्यांतली कामाची वाटणी. संतूरचा सूर काठीच्या आघाताने उठतो आणि लगेच विरू लागतो. त्याला मेंड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, जवळजवळ नाही. बासरी श्वास पुरेल तोवर सूर धरते. काबरांची गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवर धातूचा दांडा सरकवून वाजते, त्यामुळे तिची सगळी ताकद मेंडेत आहे. एकाचा उणेपणा दुसरा भरतो. संतूरचा वाक्यांश संपताच पुढचा सूर कोण उचलतो आणि उचलताना संतूरच्या विरणाऱ्या सुरावरच येतो की थोडे थांबतो, हे ऐकत पूर्ण अल्बम काढा. संतूरवर सूर लांबवायचा तर काठ्यांची थरथर वाढवावी लागते. ती कधी दाट होते आणि कधी विरळ, यावर आणखी एक पूर्ण ऐकणे सहज खर्च होते.

मोबाईलवरून ऐकणाऱ्यांनी तीन गोष्टी बंद कराव्यात. क्रॉसफेड, म्हणजे एका तुकड्याचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडात घालणे. अल्बम संपल्यावर आपोआप सुरू होणारे ‘असेच आणखी’. आणि प्रत्येक ट्रॅकचा आवाज वेगवेगळा समान करणारी सोय, कारण तिने हळू आलाप आणि जोरकस द्रुत एकाच उंचीवर येतात. ही सोय ठेवायचीच असेल तर ‘अल्बम’ या पर्यायावर ठेवावी. गुणवत्ता २५६ किंवा ३२० केबीपीएस निवडावी. कमी बिटरेटवर पहिला बळी तानपुरा आणि संतूरचे वरचे सूर यांचा जातो.

भारताबाहेरचे दोन अल्बम घेतो. दोन्ही न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत मुद्रित झाले. ही पूर्वी चर्चची इमारत होती. छत उंच होते, त्यामुळे सूर मोकळा पसरत असे. पहिला जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्ल्यू’. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत तो झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. जॅझ कळत नाही म्हणणाऱ्या मराठी श्रोत्यालाही यात शिरण्याचा सरळ रस्ता आहे, तो तीनतालाचा. ‘सो व्हॉट’ची एक फेरी ३२ बारची, दर बारला ४ मात्रा, म्हणजे १२८ मात्रा: तीनतालाची बरोबर ८ आवर्तने. पहिली ४ आवर्तने ‘डी’ हा सा धरून डोरियनमध्ये, म्हणजे आपल्या काफी थाटाच्या स्वरांत. पुढची २ आवर्तने तेच स्वर अर्ध्या सुराने वर. शेवटची २ पुन्हा खाली. आपल्याकडे सा हलत नाही, म्हणून ती वरची दोन आवर्तने सुरुवातीला कानाला खटकतात. बोटांवर मोजत गेलात की चौथ्या आवर्तनाच्या शेवटी तुम्ही स्वतःच तो चढ धरून बसता. ट्रम्पेटवर माइल्सच्या दोन फेऱ्या, मग टेनर सॅक्सवर कोल्ट्रेनच्या दोन, आल्टो सॅक्सवर कॅननबॉल ॲडर्लीच्या दोन आणि पियानोवर बिल एव्हान्सची एक. माइल्स थोडक्या सुरांत आणि भरपूर जागा सोडून बोलतो, कोल्ट्रेन तीच जागा भरत सुटतो. एकाच चौकटीवर चौघांचे स्वभाव शेजारी शेजारी दिसतात, म्हणून हा तुकडा संपत नाही. ‘ऑल ब्ल्यूज’ सहा मात्रांच्या झोक्यावर आहे. दादऱ्याची १२ आवर्तने धरून मोजा, फेऱ्यांच्या मध्ये पुन्हा पुन्हा येणारा तोच तो छोटा वाक्यांश मात्र वेगळा मोजा.

या अल्बमला जन्मापासून एक दोष चिकटला होता. २ मार्चच्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होते, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे किंचित चढे आणि जलद लागत. राखीव यंत्राची टेप वापरून १९९२ साली हे दुरुस्त झाले. जुनी एलपी आणि नवी प्रत यांत तुम्हाला फरक जाणवला तर तो भास नव्हे.

त्यातून टर्नटेबल तपासायची छान युक्ती मिळते. फोनवरचा ट्यूनर चालू करा आणि १९९२ पूर्वीच्या प्रतीवर ‘सो व्हॉट’ आणि ‘ऑल ब्ल्यूज’ या दोन्हींतला पियानो पाहा. पहिला चढा आणि दुसरा ४४० हर्ट्झच्या प्रमाण पट्टीत बरोबर असेल तर दोष रेकॉर्डचा. दोन्ही सारखेच चढे किंवा उतरे असतील तर तुमच्या यंत्राचा. पियानो नसलेल्या आपल्या रेकॉर्डसाठी स्ट्रोब तबकडी वापरावी. आपल्या ५० हर्ट्झ विजेवर, विजेसरशी लुकलुकणाऱ्या निऑन दिव्याखाली ३३⅓ साठी १८० रेघांचे वर्तुळ स्थिर दिसले पाहिजे. अमेरिकेतून आणलेल्या जुन्या टर्नटेबलकडे विशेष लक्ष द्या. तिथली वीज ६० हर्ट्झची. विजेच्या वारंवारितेवर चालणारी मोटर नुसता ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवली तर तबकडी मिनिटाला २७.८ फेरेच घेते. सूर तीन अर्ध्या सुरांहून थोडा जास्त उतरतो. हार्मोनियमच्या काळी चार पट्टीत गाणारी गायिका पांढरी चारच्याही खाली जाते आणि आवाज पोकळ, झोपाळू वाटतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारिता नाही. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते. डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण नसते.

त्याच स्टुडिओतला दुसरा अल्बम म्हणजे पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेले बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’. हे एकाच माणसाने दोनदा मुद्रित केले: १९५५ मध्ये, तेव्हा साधारण ३८ मिनिटांत, आणि १९८१ मध्ये, सुमारे ५१ मिनिटांत. दोन्ही जवळ ठेवा. रचना अशी: आधी एक आरिया (सुरुवातीची संथ धून), मग ३० रूपे, शेवटी तीच आरिया. ऐकताना चालीमागे धावू नका; सगळी रूपे डाव्या हाताच्या खालच्या सुरांवर उभी आहेत. ‘जी’ला सा धरला तर पहिले आठ सूर होतात सां नि ध प, ग म प सा. सगळे शुद्ध. हे आठ सूर गुणगुणता येईपर्यंत फक्त आरिया ऐका, मग पुढच्या प्रत्येक रूपात ते शोधा. दर तिसरे रूप म्हणजे कॅनन: एक आवाज निघतो, दुसरा त्याच चालीत मागून येतो, आणि दोघांतले अंतर तिसऱ्या रूपात शून्य, सहाव्यात एक स्वर, असे वाढत सत्ताविसाव्यात आठ स्वरांपर्यंत जाते. १५, २१ आणि २५ ही तीन रूपे कोमल गांधाराच्या पट्टीत आहेत. पंचविसावे सगळ्यात खोल. १९५५ ची आरिया दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ ची तीन मिनिटे घेते. दोन्ही पाठोपाठ लावली की लय बदलल्याने तेच सूर किती वेगळे होतात ते कळते. मला १९८१ ची जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात एका रूपाची गती पुढच्या रूपाला धरून ठेवते. मागे गूल्डचे गुणगुणणे ऐकू येईल. तो प्रतीचा दोष समजू नका.

भक्तिसंगीतात लता मंगेशकरांनी गायलेले आणि श्रीनिवास खळ्यांनी संगीत दिलेले ‘अभंग तुकयाचे’. यात कान छंदावर ठेवा. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’: अक्षरे ६, ६, ६ आणि ४. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड आहे. ती रिकामी जागा चालीत कशी भरली आहे, सूर लांबवून, हरकतीने की नुसत्या वाद्यांनी, हे प्रत्येक अभंगात पाहावे. ‘भेटीलागी जीवा’ ऐकतानाही हेच करा. शब्द पाठ असतात म्हणून आपण हा अल्बम अर्ध्या कानाने ऐकतो आणि मग जुना झाला म्हणतो.

रेकॉर्डची निगा हा विषय मोठा आहे, पण कोकण-मुंबईच्या पावसासाठी एवढे तरी कराच. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आतली जुनी प्लास्टिकची पिशवी चिकटत असेल तर फेकून नवी घाला. बुरशीचे ठिपके तिथूनच पसरतात. धुण्यासाठी १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, लेबल कोरडे ठेवून, खाचेच्या दिशेने मऊ ब्रश आणि मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. नळाचे पाणी वापरले तर त्यातले क्षार खाचेत सुकतात आणि खरखर वाढते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नये, त्या लाखेच्या असतात आणि विरघळतात. अशी तबकडी घरात असेल तर तिला डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या सौम्य द्रवाचा एक थेंब आणि लगेच मऊ कापड एवढेच. आणि ती एलपीच्या सुईने वाजवू नका. ७८ ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत फिरते.

डिजिटल करून ठेवायचे असेल तर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात जोराचा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वीस मिनिटांची एक बाजू अशा रीतीने सुमारे ६९० एमबी घेते, फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) त्याहून बरीच कमी. मोनो रेकॉर्ड असेल तर मुद्रण स्टिरिओतच करा आणि नंतर डाव्या-उजव्या चॅनेलपैकी, म्हणजे खाचेच्या दोन भिंतींपैकी, कमी ओरखडलेली निवडा. खरखर काढलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि बाजूचे तुकडे करू नका. ‘बाजू १’, ‘बाजू २’ अशा दोनच फाइली, मधल्या शांततेसकट.